तराजूवरचे नियम, नाक्यावरचे नियम

सरकारने बाजारात किती हात घालावा हा विद्यापीठात सिद्धांताचा प्रश्न असतो. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरमध्ये तो वाहतुकीचा प्रश्न होतो. तालुक्याच्या उत्तरेला पैनगंगा. नदी ओलांडली की उमरखेड, म्हणजे यवतमाळ जिल्हा आणि विदर्भ. पूर्वेला किनवटवरून रेल्वे आदिलाबादला जाते, दक्षिणेला भोकरकडून भैशाला जाता येतं. या दोन्ही तेलंगणातल्या कापसाच्या पेठा. कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवणाऱ्या इथल्या शेतकऱ्याला एका राज्याचा नियम जाचक वाटला, तर दुसरं राज्य एका दिवसाच्या टप्प्यात आहे. नियम बदलला की गाडीचं तोंड बदलतं. भांडवली व्यवस्थेत सरकारी नियमनाचा फायदा किती आणि तोटा किती, याचा हिशोब मांडायला म्हणूनच हा पट्टा मुंबई-दिल्लीपेक्षा बरा. इथे सव्वाशेहून अधिक वर्षांत नियमांचे निरनिराळे प्रयोग झाले आणि प्रत्येकाचा निकाल गाड्यांच्या रांगेवरून वाचता आला.

सुरुवात नदीपलीकडून झाली. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. १८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंजा इथे कापसाचा बाजार नियमाखाली आणला गेला. देशातला हा पहिला नियंत्रित बाजार मानतात. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. हे शेतकऱ्याच्या कळवळ्याने झालं असं कुणी समजू नये. मँचेस्टरच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस वाजवी भावात हवा होता आणि मधल्या दलालांच्या गोंधळात तो मिळेना, म्हणून सरकार जागं झालं. भांडवलाला नियम नको असतात हे अर्धंच खरं. स्वतःला जे हवेत ते नियम भांडवल मागून घेतं.

नदीच्या अलीकडे, निजामी मुलखात, शेतमालाच्या बाजाराचा कायदा यायला १९३० उजाडलं. म्हणजे सुमारे तेहतीस वर्षं पैनगंगेच्या एका काठावर बाजार समितीचा कायदा होता आणि दुसऱ्या काठावर, हिमायतनगरला वाढोणा म्हणणाऱ्या लोकांच्या बाजूला, तो नव्हता. कायदा नसलेला मोंढा कसा चालायचा हे शेतीविषयक रॉयल कमिशनच्या १९२८ च्या अहवालात आणि त्या काळच्या इतर पाहण्यांत नोंदलेलं आहे. सौदा रुमालाखाली बोटं धरून व्हायचा, त्यामुळे मालधन्याला आपल्या मालाचा भाव शेवटीच कळायचा. घेताना एक माप, देताना दुसरं. पट्टीतून धर्मादाय, गोशाळा, देवस्थान, पाणीवाला, झाडूवाला अशा नाना नावांनी रक्कम कापली जायची. आडत्या विकणाऱ्याचा दलाल, तोच घेणाऱ्याचाही, आणि बहुधा शेतकऱ्याचा सावकारही तोच. अशा जागी 'मुक्त बाजार' हा शब्द वापरायला जीभ रेटत नाही.

फसवणूक एकाच बाजूने होत नव्हती हेही सांगायला हवं. कापसावर पाणी मारणं, चांगला कापूस वर आणि कवडी खाली भरणं, पोत्यात माती घालणं हे शेतकऱ्यालाही येत होतं. व्यापाऱ्याला ते ठाऊक असल्यामुळे तो सगळ्यांचाच माल खराब धरून भाव करायचा. स्वच्छ माल आणणाऱ्याला त्याचा दाम मिळत नसे, म्हणून पुढच्या वर्षी तोही माल स्वच्छ करण्याची तसदी घेत नसे. हेच सूत्र जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन मांडलं आणि पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. हा माणूस त्याआधी दिल्लीत राहून गेला होता. त्याच्या त्या गाजलेल्या निबंधात भारतीय गृहिणी बाजारातून आणलेला तांदूळ खडे वेचून घेते, याचाही उल्लेख आहे. मालाचा दर्जा एका पक्षाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू उठून जातो, हे त्याचं म्हणणं. मोंढ्यात बसणाऱ्या कुठल्याही मापाऱ्याला ते पटेल.

नियमनाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद हाच आहे. काटा खरा असावा, बोली उघड असावी, पैसे ठरल्या वेळी मिळावेत, पावती मिळावी. महाराष्ट्राने १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने हे सगळीकडे लागू केलं. बाजार फी साधारण शेकडा पाऊण ते एक रुपया. कायद्यात ती खरेदीदाराने भरायची, म्हणून शेतकऱ्याला ती फुकट वाटते. प्रत्यक्षात बोली लावतानाच खरेदीदार ती डोक्यात वजा करतो. तरीही माझ्या मते या रुपयाच्या बदल्यात मिळणारी गोष्ट मोलाची आहे. शंभर किलोंच्या मालात दोन-तीन किलोंचा काटा मारला जाणं थांबलं, तर रुपया केव्हाच वसूल.

पण पट्टी हातात घेऊन बघावी. वर वजन, भाव, रक्कम. खाली हमाली, तोलाई, कुठे वराई, कुठे चाळणी. कायद्याने बंद झालेला कडता, म्हणजे वजनातली कपात, काही ठिकाणी दुसऱ्या नावाने परत आलेला असतो. 'नमुन्या'साठी काढलेली मूठ पोत्यात परत जात नाही आणि तिचं वजन कुठल्याच ओळीत सापडत नाही. एका मुठीचं काय, असं म्हणेल कुणी. दिवसभरात मोंढ्यात किती पोत्यांत नमुना काढायची बोखी घातली जाते ते मोजलं की कळतं.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही याच मोंढ्यातून निघतो. जॉर्ज स्टिगलर या शिकागोच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवलं की ज्या धंद्यावर अंकुश ठेवायचा, तोच धंदा कालांतराने अंकुश धरणाऱ्यांना आपल्या मुठीत घेतो. बाजार समित्यांचा इतिहास वाचून त्याने ते लिहिलं असतं, तर फार बदल करावे लागले नसते. परवाना देणारी समिती, समितीवर निवडून येणारे परवानाधारक आणि त्यांच्या पाठीशी तालुक्याचं राजकारण, असं बस्तान बसलं की नव्या खरेदीदाराला गाळा मिळत नाही. खरेदीदार मोजके, त्यांची आपसात ओळख, म्हणजे उघड बोलीतही भाव आधीच ठरलेला. बोली उघड ठेवता येते. बोलणाऱ्यांची संख्या कायद्याने वाढत नाही. उलट परवान्याने ती कमीच राहते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळं-भाजीपाला समितीच्या सक्तीतून काढला आणि त्यावरची आडत खरेदीदाराकडे वळवली, ती या दुखण्यावरची मात्रा होती. धान्य, कडधान्य, कापूस यांची घडी मात्र बऱ्याच अंशी जुनीच राहिली. केंद्राचे २०२० चे तीन कृषी कायदे दुसऱ्या टोकाला गेले. मोंढ्याबाहेरचा व्यवहार जवळजवळ मोकळा केला, पण त्यात पैसे बुडवणाऱ्यावर दाद मागायची ती प्रांताधिकाऱ्याकडे. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ते रद्दही झाले. घाईने केलेलं आणि घाईने मोडलेलं.

या पट्ट्यातला सगळ्यात मोठा प्रयोग वेगळा होता. कापूस एकाधिकार खरेदी योजना. १९७१ चा कायदा, १९७२-७३ च्या हंगामापासून अंमल, मुख्यमंत्री वसंतराव नाईक. खाजगी व्यापाऱ्याने कापूस घ्यायचाच नाही. शेतकऱ्याने तो सरकारी केंद्रावरच द्यायचा. सरकार तो पिंजून, गाठी बांधून विकेल आणि नफा झाला तर शेतकऱ्याला वाटून देईल. कल्पना उदात्त होती. व्यापाऱ्याच्या कचाट्यातून सुटका, प्रतवारीप्रमाणे भाव आणि पडत्या काळात हमी. सुरुवातीला वजन खरं मिळतं, यावरच लोक खूश होते. अनेक घरांत पहिल्यांदाच कापसाचा पैसा सावकाराच्या वहीत न जाता बँकेच्या पासबुकात आला, हेही श्रेय तिला द्यायला हवं.

घोड्याने पेंड खाल्ली ती हद्दीवर. महाराष्ट्रात एकाधिकार, पलीकडे तेव्हाच्या आंध्र प्रदेशात खुला बाजार. जगात भाव चढला की आदिलाबादचा व्यापारी केंद्रापेक्षा जास्त द्यायचा आणि रोखीने द्यायचा. केंद्रावर हप्त्यांचा हिशोब, चुकाऱ्याची वाट. मग किनवट-हिमायतनगरच्या बाजूचा कापूस रातोरात पलीकडे जायचा. तो अडवायला नाके बसले. स्वतःच्या शेतात, स्वतःच्या घामाने पिकवलेला कापूस नाक्यावर 'चोरटा' ठरू लागला. नाका आला की नाक्याचा दरही आला, आणि तो कुठल्याच पट्टीत लिहिलेला नसायचा.

उलट जगात भाव पडला की शेजारच्या राज्यांचा कापूस महाराष्ट्राच्या केंद्रांवर यायचा, कारण हमी इथे होती. म्हणजे चढत्या वर्षी, जेव्हा नफा व्हायचा, तेव्हा योजनेकडे कापूस नाही. पडत्या वर्षी, जेव्हा तोटा अटळ, तेव्हा कापूसच कापूस. हा दोष कारभाऱ्यांच्या प्रामाणिकपणाचा नव्हता, योजनेच्या बांधणीचा होता. देवमाणसं बसवली असती तरी हेच झालं असतं. त्यात नव्वदच्या दशकात निवडणुकांच्या हिशोबाने भाव वाढवून देण्याची चढाओढ लागली, चढउताराच्या वर्षांसाठी ठेवलेला निधी आटला आणि तोटा हजारो कोटींवर गेला. अखेर २००२ मध्ये कायदा बदलून खाजगी खरेदीला वाट दिली गेली आणि एकाधिकार नावापुरता उरला.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या बंदिस्तीवर वर्षानुवर्षं हल्ला केला. त्यांचं म्हणणं सोपं होतं: सरकारने भाव द्यावा किंवा वाट सोडावी, दोन्ही नाकारू नये. १० डिसेंबर १९८६ रोजी हिंगोलीजवळच्या सुरेगावला कापसाच्या आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मारले गेले. नियमनाच्या खर्चाचे तक्ते करताना अर्थतज्ज्ञ विलंब, कागदपत्रं, लाच असे रकाने पाडतात. या तिघांसाठी त्यात रकाना नाही.

तरी एकाधिकार गेल्यावर सगळं सुरळीत झालं, असं म्हणायला मी तयार नाही. पुढच्या वर्षांत विदर्भ-मराठवाड्यातला कापूसवाला जागतिक भावाच्या लाटांवर उघडा पडला. अमेरिकेत कापसाला अनुदान, इथे आधारभूत भावाने भारतीय कापूस महामंडळाची खरेदी कधी वेळेवर, कधी उशिरा. आत्महत्यांचा त्या काळातला आलेख आणि योजनेचा अंत यांचा थेट धागा जोडणं धाडसाचं होईल, पण एक आधार काढून घेतला आणि दुसरा उभा केला नाही, हे खरंच आहे.

इथे या लेखाच्या शीर्षकातला फरक स्पष्ट करतो. काही नियम तराजूवर बसतात. ते व्यवहार होऊ देतात, फक्त तो उजेडात आणतात. काही नियम नाक्यावर बसतात. माल कुठे जावा, कोणी घ्यावा, किती दिवस साठवावा हे ते ठरवतात. पहिल्या जातीच्या नियमांचा खर्च थोडा आणि फायदा पसरलेला. दुसऱ्या जातीच्या नियमांचा फायदा ज्याला मिळतो तो दूर शहरात असतो आणि खर्च हद्दीवरचा माणूस सोसतो.

याचा नमुना म्हणजे तूर. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली. देशभर आरडाओरडा झाला, साठ्यावर मर्यादा आल्या, गोदामांवर छापे पडले. मोझांबिकशी तूर आयातीचा करार झाला. चढा भाव पाहून शेतकऱ्याने २०१६ च्या खरिपात तूर लावली, पाऊसही बरा झाला आणि उत्पादन विक्रमी निघालं. त्या वेळी डाळींच्या निर्यातीवर २००६ पासूनची बंदी चालूच होती आणि साठा मर्यादेच्या धास्तीने लातूर-उदगीरच्या डाळमिलवाल्यांचा हातही आखडलेला. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये आणि बाजार त्याखाली. २०१७ च्या उन्हाळ्यात खरेदी केंद्रांवर तुरीच्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या आणि बारदाना संपला म्हणून खरेदी थांबली. निर्यात खुली झाली ती सप्टेंबरमध्ये, तोवर गरजूने तूर विकून टाकली होती. शहरातल्या ग्राहकाला डाळ स्वस्त मिळाली, हा फायदा खरा. पण त्याचं बिल कुणी भरलं हे विचारायला नको का?

सोयाबीनचीही तीच कथा थोड्या फरकाने. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरच्या बाजारात भाव क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेला आणि त्याच महिन्यात केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. ऑक्टोबरमध्ये खाद्यतेल-तेलबियांवर साठा मर्यादा, २० डिसेंबरला सेबीकडून सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद. ती बंदी एका वर्षाची म्हणून आली आणि मुदतवाढी घेत राहिली. वायदे बाजारात हिमायतनगरचा शेतकरी थेट उतरत नव्हता हे मान्य. पण तीन महिन्यांनी काय भाव असेल याचा अंदाज मोबाईलवर दिसत होता आणि माल घरात ठेवायचा की काढायचा हे त्यावरून ठरवता येत होतं. तोही दिवा विझवला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना बाजार त्याच्या खूप खाली राहिला. नोव्हेंबरमध्ये ओलाव्याची अट १२ वरून १५ टक्के करावी लागली, तीही विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर.

हमीभावालाच कायद्याचा दंडुका जोडण्याचा प्रयत्नही झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हमीभावाखाली खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला वर्षभर कैद आणि पन्नास हजार दंडाची तरतूद करायचं ठरवलं. शेतकऱ्यांच्या बाजूचा याहून कडक नियम कोणता? पण व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबवली, अनेक बाजार समित्यांत सौदे बंद पडले, आणि मूग-उडीद घेऊन आलेला शेतकरी पोती घेऊन बसला. सरकारला खुलासे करत मागे यावं लागलं. कमी भावाने घेणं गुन्हा ठरवता येतं. घेणंच बंद करणं गुन्हा ठरवता येत नाही. ज्याला भाव द्यायचा आहे त्याने स्वतः खरेदीला उभं राहावं, तिजोरी उघडावी. दुसऱ्याच्या खिशातून हमी देण्याचा मोह सगळ्याच सरकारांना होतो.

आता बियाण्याकडे येऊ, कारण इथे वरचा फरक इतका सोपा राहत नाही. देशात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपये आणि त्याहून जास्त मोजावे लागत. त्यातला मोठा हिस्सा मोन्सँटोच्या तंत्रज्ञानाचं स्वामित्वशुल्क. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली आणि पाकीट साडेसातशेवर आलं. महाराष्ट्राने २००९ मध्ये स्वतःचा कापूस बियाणे कायदा केला आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने देशभरासाठी किंमत नियंत्रण आदेश काढला. २०१६ मध्ये बीजी-२ चं, म्हणजे बीटीच्या दुसऱ्या पिढीचं, पाकीट आठशेचं आणि स्वामित्वशुल्क ४९ रुपये. २०२० मध्ये ते शुल्क शून्य झालं. विकणारा एकच, घेणारे लाखो, आणि पेरणीचे दिवस मोजके. अशा ठिकाणी किंमत बांधणं मला गैर वाटत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशात त्यातून खरे पैसे राहिले.

किंमत दुसऱ्या दारातून वसूल झाली. मोन्सँटोच्या इथल्या भागीदार कंपनीने तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या वाणाचा परवानगी अर्ज २०१६ मध्ये मागे घेतला. तेव्हापासून त्याच गुणाचं चोरटं बियाणं, ज्याला सगळे 'एचटीबीटी' म्हणतात, खेडोपाडी विकलं जातं. त्याला बिल नाही, लॉट नंबर नाही, उगवलं नाही तर तक्रार करायला दुकान नाही. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरून कायदेभंग केला. निंदणाला मजूर मिळत नाही म्हणून शेतकरी ते घेतो, हे कृषी खात्यालाही ठाऊक आहे. तपासून 'हो' किंवा 'नाही' सांगायला सरकारने इतकी वर्षं लावली की निर्णय बाजाराने घेतला, आणि तोही अंधारात. नाही म्हणायचं तर कारण सांगून म्हणावं. लटकत ठेवणं हा सगळ्यात महागडा नियम.

त्याच पाकिटात नियम शहाणा कसा होतो याचंही उदाहरण आहे. बीटीच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी सरकीची १२० ग्रॅमची छोटी पुडी यायची. शेताच्या कडेने ती लावायची, म्हणजे काही बोंडअळ्या विषाला न सरावता राहतात आणि तंत्रज्ञान टिकतं. अर्थ बरोबर, पण पुडी लावणाऱ्याचं नुकसान त्याचं एकट्याचं आणि फायदा सगळ्या शिवाराचा. पुड्या बांधावर फेकल्या गेल्या. गुलाबी बोंडअळी बीजी-२ ला सरावली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने बोंडं पोखरली. पुढे बिगर-बीटी बियाणं त्याच पाकिटात मिसळून द्यायचं ठरलं; हल्लीचं ४७५ ग्रॅमचं पाकीट त्यातूनच आलं. शेतकऱ्याने वेगळं काही करायची गरजच उरली नाही. उशीर झाला हे खरं, पण नियम पाळण्याचा भार ज्याच्यावर टाकला त्याला तो परवडतो का, हे पाहून केलेली ही दुर्मीळ दुरुस्ती.

आणि सरकारने हात घालायलाच हवा अशीही जागा आहे, ती त्याच वर्षी नदीपलीकडे दिसली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. त्यात शेतमालक होते तसे रोजंदारीवर पंप पाठीला लावणारे मजूरही. कीटकनाशकाचा कायदा १९६८ पासून आहे. डबीवर रंगीत त्रिकोण असतो, बारीक अक्षरांत सूचना असतात. पण दुकानदाराने सुचवलेलं मिश्रण, हातमोजे-मास्क नाही, उंच वाढलेल्या कापसात डोक्याच्या वर फवारणी, हे रोखायला तिथे कुणी नव्हतं. मजुराने ते औषध विकत घेतलेलं नसतं, भाव ठरवलेला नसतो. त्याला या व्यवहारात आवाजच नाही. त्याच्या वतीने बोलायला सरकारशिवाय दुसरं कोण आहे? सरकारने मग काही कीटकनाशकांच्या विक्रीवर पाच जिल्ह्यांत तात्पुरती बंदी घातली. तात्पुरती.

हमालाचंही तेच. १९६९ चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांच्या लढ्यातून आला आणि बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पोत्याचं वजन पन्नास किलोंवर आणण्याची मागणी लावून धरली. शंभर किलोंचं पोतं पाठीवर घेणाऱ्याला उद्योगस्नेही धोरणाचे गुणाकार-भागाकार सांगून उपयोग नाही. त्यातही माथाडी मंडळांच्या नावाने वसुली करणारे निघाले हे खरं, पण त्यांच्यासाठी पाठीवरचं ओझं परत वाढवा असं कुणी म्हणू नये.

बाकीची उदाहरणं भराभर. पैनगंगेच्या रेतीवर घाट, लिलाव, परवाना सगळं आहे आणि रात्री ट्रॅक्टरही आहेत. २०२३ मध्ये राज्याने सहाशे रुपये ब्रास दराने सरकारी डेपोतून रेती द्यायचं जाहीर केलं, दोन वर्षांत धोरण पुन्हा बदललं. २०१२ पासून गुटखाबंदी आहे. गुटखा मिळत नाही असा तालुका कुणी दाखवला तर जाऊन पाहू. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेलं दुसरं काहीतरी गळ्यात मारायचं 'लिंकिंग' कृषी सेवा केंद्रात दर जूनमध्ये चालतं, बंदी असूनही. आणि जिथे नियम हवाच होता तिथे तो झोपलेला: बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेत २०२३-२४ मध्ये मराठवाड्यातल्या हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो, आणि बहुराज्यीय संस्थेचा निबंधक बसतो दिल्लीत. चढ्या व्याजाला भुललो, असं आता ठेवीदारालाच सुनावलं जातं. पण पाटीवरचा फरक वाचता येईल अशा अक्षरांत लिहिला गेला असता, तर निम्मे लोक आत गेले नसते.

नियम काढण्याच्या बाजूनेही काम झालं आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांमधल्या १८३ तरतुदींतली शिक्षा सौम्य केली किंवा काढली. पण त्याचा लाभ मुख्यतः कारखानदारीला. आधारभूत खरेदीसाठी सातबारा, पीकपेरा, आधार, बँक पासबुक, मोबाईलवर नोंदणी असा गठ्ठा जमवणाऱ्या शेतकऱ्याच्या वाटेतला कागद काही कमी झाला नाही. बटईने करणाऱ्याच्या नावावर तर सातबाराच नाही, त्यामुळे पिकवतो तो आणि नोंद मालकाची. २०२५ मध्ये कापसाच्या नोंदणीसाठी मोबाईल ॲप आलं, आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं गेलं. सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणून दिलेली सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे विकणाऱ्यावर नोंदणीची सक्ती आणि आयात करणाऱ्याला मोकळीक, तीही नवा कापूस बाजारात येण्याच्या दिवसांत.

एवढा आढावा घेतल्यावर माझं मत सांगतो. नियमन कमी हवं की जास्त, या वादात मला रस उरलेला नाही. प्रत्येक नियमाला तीन प्रश्न विचारावेत: तो मोडणाऱ्याचा फायदा किती, पाळणाऱ्याचा खर्च किती आणि त्याची तपासणी ज्याच्यासाठी तो केला त्याला स्वतःला करता येते का. एकाधिकार योजना पहिल्या प्रश्नावर पडली, बिगर-बीटीची पुडी दुसऱ्यावर, कीटकनाशकाचा कायदा तिसऱ्यावर. उघड लिलाव आणि शिक्क्याचा काटा तिन्हींत बऱ्यापैकी पास होतात. आयात, निर्यात आणि साठ्याचे नियम हंगामाच्या मध्यावर बदलायचे नाहीत, एवढं पथ्य दिल्लीने पाळलं तरी इथल्या शेतकऱ्याला कुठल्याही अनुदानाइतका आधार मिळेल.

हंगामाच्या तोंडावर मोंढ्यात जाणाऱ्यांना एक सांगणं. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून दरवर्षी पडताळणी होते, त्यावर शिक्का असतो आणि प्रमाणपत्र दाखवणं बंधनकारक आहे; ते आपण आता मागायला शिकलो आहोत. सोयाबीनचा भाव मात्र काट्याइतकाच ओलावा मोजणाऱ्या छोट्या यंत्रावर ठरतो, आणि त्याची तपासणी कधी झाली हे कुणी विचारत नाही. ओलाव्याच्या एका टक्क्याला क्विंटलमागे एक किलो कपात धरली, तर ती शेकडा एक रुपयाच्या बाजार फीएवढी भरते. त्या फीवर आपण वर्षानुवर्षं भांडलो. माल काढण्याआधी बाजार समितीकडे आणि खरेदी केंद्राकडे लेखी मागणी करा: ओलावामापकाची तपासणी करून तारखेसह चिठ्ठी यंत्रावर लावा, आणि दुसरं यंत्र शेतकऱ्याच्या बाजूला ठेवा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.